नाव ठेवले बाजाराने

मराठीत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत अवघ्या एका मात्रेचा फरक. पहिले काम बारशाच्या दिवशी आत्या करते, दुसरे काम गाव जन्मभर करीत राहते. चारशे वर्षांपूर्वी आमच्या मराठवाड्यात एक माणूस होऊन गेला. त्याच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी आल्या, पण दोन्ही परक्यांच्या हातून. नाव ठेवले ते त्याला विकत घेणाऱ्या सौदागराने आणि नावे ठेवली ती खुद्द मोगल बादशहा जहांगीरने. हा माणूस म्हणजे मलिक अंबर.

शाळेच्या पुस्तकात तो आपल्याला दोन-चार ओळींत भेटतो. निजामशाहीचा वजीर, गनिमी काव्याचा उस्ताद, खडकी शहर वसविणारा, जमिनीची मोजणी करून धारा बांधून देणारा. परीक्षेत तेवढे लिहिले की गुण मिळतात. त्याच्या नावापाशी मात्र आपण कधी थांबत नाही. नांदेड-लातूरकरांना तर थांबण्याचे विशेष कारण आहे. नांदेडजवळच्या लढाईत हा माणूस जखमी होऊन पडला होता, आणि आजच्या लातूर जिल्ह्यातल्या एका गावाने काही काळ त्याचे नाव धारण केले होते.

मी शिक्षकी पेशात आयुष्य घालवले, त्यामुळे बारशाच्या आधी एखादे चांगले नाव सुचवा म्हणून घरी येणारी मंडळी पुष्कळ. अंबर हे नाव काढले की हिंदू घरातली माणसे लगेच मान डोलावतात. अंबर म्हणजे आकाश, अंबर म्हणजे वस्त्रही. पीतांबर आणि दिगंबर तर आपल्या अंगणातली नावे. माहूरच्या दत्तशिखराची कृपा म्हणून नांदेड जिल्ह्यात दिगंबर नावाचा माणूस नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. लातूरच्या शेजारी अंबाजोगाई, त्यामुळे अंबादासही घरोघर. ते मात्र अंबेवरून, आकाशावरून नव्हे. हेच नाव मी मुसलमान ओळखीच्यांपुढे काढले तर ते हसून म्हणतात की गुरुजी, हे तर मुलीचे नाव. त्यांचेही खोटे नाही. उर्दू बोलणाऱ्या घरांत आज अंबर आणि अंबरीन या बहुधा मुलीच असतात.

मग आपल्या मलिकाचे नाव यांतले कोणते? ते अरबी. अरबीत ते ऐन, नून, बे, रे अशा चार अक्षरांनी लिहितात. लिहिताना अन्बर, पण नूनच्या पुढे बे आला की ओठ आपोआप मिटतात आणि उच्चार होतो अंबर. उर्दूत आकाशवाचक अंबर लिहायचा तर अलिफ आणि मीम लागतात. म्हणजे कागदावर दोन्ही शब्द स्पष्ट वेगळे दिसतात. देवनागरीत एका अनुस्वाराने हा सगळा फरक पोटात घातला. किल्ल्यावरचा अंबारखाना पाहताना पुष्कळ जण तो मलिक अंबरने बांधला असावा असे धरून चालतात. त्याचा संबंध फारसीतल्या अंबार या शब्दाशी, म्हणजे धान्याच्या राशीशी आणि कोठाराशी. हत्तीवरची अंबारी तिसरीच. ती अमारी या शब्दावरून आलेली. कानाला सख्खे वाटणारे हे शब्द प्रत्यक्षात एकमेकांच्या भावकीतलेही नाहीत.

अरबी अंबर म्हणजे एक सुगंधी वस्तू. तिचे जन्मस्थान मोठे विचित्र आहे. स्पर्म व्हेल नावाचा प्रचंड देवमासा माकुळासारखे समुद्री जीव खातो. त्यांच्या कठीण चोची त्याला पचत नाहीत. त्या चोचींभोवती आतड्यात एक मेणचट पदार्थ साचत जातो, पुढे तो समुद्रात पडतो, उन्हापाण्यात वर्षानुवर्षे तरंगतो आणि कधीतरी किनाऱ्याला लागतो. ताजा असताना त्याला दुर्गंधी येते; समुद्राने त्याला पुरेसे घुसळले की तोच काळसर, राखी गोळा मंद, मधुर वास देऊ लागतो. अत्तराचा सुगंध टिकवायला त्याच्यासारखी वस्तू नाही. अलीकडे व्हेलची उलटी पकडली अशा ज्या बातम्या कोकण किनाऱ्यावरून येतात, ती हीच वस्तू. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिचा व्यापार गुन्हा ठरतो. अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापारात मात्र तिला मोठे मोल होते. युरोपच्या भाषांनी हा शब्द उचलला आणि पुढे बाल्टिक समुद्राकाठी सापडणाऱ्या पिवळ्या राळेलाही तो चिकटवला. इंग्रजीतले अ‍ॅम्बर ते हेच.

वस्तू इतकी किमती, तर मुलाला हे नाव लाडाने दिले असेल असे कोणालाही वाटेल. इथेच खरी मेख आहे. अरबी-फारसी जगात गुलामांना नावे देण्याची एक रीत होती. स्वतंत्र माणसाच्या नावापुढे बापाचे, आजोबाचे नाव लागे, कबिल्याचे नाव लागे. गुलामाला बाप नसे, निदान कागदावर नसे. त्याच्या नावासाठी सौदागर अत्तराच्या नाहीतर जवाहिराच्या पेटीत हात घाली. काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक, मर्जान म्हणजे पोवळे, लुलू म्हणजे मोती, रैहान म्हणजे सब्जासारखी सुवासिक तुळस, जौहर म्हणजे रत्न. दहाव्या शतकात इजिप्तवर राज्य केलेल्या एका काळ्या वर्णाच्या माणसाचे नाव काफूर होते. पांढऱ्या कापराचे नाव काळ्या माणसाला देण्यात मालकांना गंमत वाटत असावी. १३०७ मध्ये देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर हाही गुलाम म्हणून विकला गेलेलाच. विजापूरच्या इब्राहिम रोझ्याच्या बांधकामावर देखरेख करणारा मलिक संदल, म्हणजे चंदन. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर आणि जंजिऱ्याचा सिद्दी याकूत ही नावे आपण इतिहासात वाचतो, पण त्या नावांमागची ही रीत आपल्या ध्यानात येत नाही. ही बाजारात मिळालेली नावे होती. जी वस्तू समुद्रावरून येते, तोलून घेतली जाते आणि चांगल्या भावाने विकली जाते, तिचे नाव माणसाला.

हा मुलगा जन्मला सुमारे १५४८ मध्ये, हबश म्हणजे आजच्या इथिओपियात. त्याचे मूळ नाव चापू असे जुन्या वृत्तांतांत नोंदलेले आहे. त्या नावाचा अर्थ काय, ते आईने ठेवले की आजीने, याची वार्ता तांबड्या समुद्राच्या पलीकडेच राहिली. गुलाम म्हणून त्याला येमेनच्या मोखा बंदरात विकले, तिथून तो बगदादला गेला. तिथे मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला घेतले. मुलगा हुशार आहे हे त्याने ओळखले, त्याला लिहावाचायला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि नाव दिले अंबर. शिक्षण देणारा आणि विकणारा माणूस एकच होता, ही या गोष्टीतली अवघड बाजू. ती गाळून त्याला नुसता दयाळू किंवा नुसता क्रूर ठरवले तर गोष्ट सोपी होते, खरी राहत नाही.

पुढे त्याला दख्खनमध्ये आणून अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याला विकण्यात आले. हा चंगेज खान स्वतः हबशी, एके काळचा गुलाम. त्याच्याजवळ अंबरने दरबार म्हणजे काय, फौज म्हणजे काय, पैसा कसा जमवायचा आणि कसा वाटायचा हे पाहिले. १५७४-७५ च्या सुमारास चंगेज खान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. पंचविशी ओलांडलेला हा तरुण प्रथमच स्वतःचा मालक झाला. मुक्त झालेल्या माणसाला नवे नाव घेता आले असते. त्याने घेतले नाही. पुढे विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी करताना त्याला मलिक हा किताब मिळाला. मलिक म्हणजे सरदार, धनी. गुलामाचे नाव आणि धन्याचा किताब असे हे जोडनाव तयार झाले आणि मराठी कागदपत्रांनी ते एकजीव करून मलिकंबर केले. आपल्या एका मुलाचे नावही त्याने चंगेज खान ठेवले. जुन्या धन्याची आठवण त्याला जड झाली नव्हती, एवढे यातून दिसते.

१५९५ च्या सुमारास तो दीडशे स्वारांसह निजामशाहीत परतला तेव्हा राज्य मोडकळीला आले होते. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली आणि अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. राजधानी गेली की राज्य संपले, असा तेव्हाचा हिशेब. अंबरने तो मानला नाही. निजामशाही घराण्यातला एक मुलगा शोधून त्याला परांड्याच्या किल्ल्यात दुसरा मुर्तजा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. ज्याला स्वतःच्या बापाचे नाव लावता आले नाही, तो एका सुलतानाचा सासरा झाला.

यानंतरची गोष्ट नांदेडची. १६०२ मध्ये अंबर तेलंगणच्या बाजूने मोगलांच्या ठाण्यांवर चालून गेला. त्याला अडवायला आला मिर्झा इरज. हा खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा. म्हणजे आपण हिंदीच्या तासाला ज्या रहीमचे दोहे पाठ केले, त्या रहीमचा मुलगा. नांदेडच्या परिसरात दोघांची गाठ पडली. लढाई मोठी निकराची झाली आणि अंबर जखमी होऊन पडला. तो मोगलांच्या हाती सापडणार एवढ्यात त्याच्या हबशी आणि दख्खनी साथीदारांनी गर्दीतून त्याला उचलून नेले. त्या दिवशी ती माणसे चार पावले मागे राहिली असती तर खडकी वसली नसती, भातवडी घडली नसती आणि शहाजीराजांच्या तरुणपणाचा इतिहासही वेगळा झाला असता. गोदावरीकाठचे नांदेड आपण गुरू गोविंदसिंगजींचे, वामन पंडितांचे म्हणून ओळखतो. त्याच्या रानात चापू नावाच्या एका मुलाचेही रक्त सांडले आहे, ही नोंद कुठल्या फलकावर नसली तरी आपल्या मनात असायला हरकत नाही.

विकत घेतलेल्या माणसासाठी कोणी जीव धोक्यात घालत नाही. ही निष्ठा अंबरने मिळवली होती. या लढाईनंतर खानखानानाने त्याच्याशी तह करून सरहद्द ठरवली. मोगलांच्या दृष्टीने ज्याचे राज्यच उरले नव्हते, त्याच्याशी सीमा आखून घ्यावी लागली, हा पराभवातला विजयच होता.

आता लातूरकडे वळू. औसा म्हटले की बाहेरच्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवतो, कारण किल्लारी औसा तालुक्यातली. पण औशाचा भुईकोट हा महाराष्ट्रातल्या पाहण्यासारख्या किल्ल्यांपैकी एक आहे. तो खोलगट जागेत बांधलेला, भोवतालची जमीन उंच; त्यामुळे लांबून किल्ला दिसतच नाही, आणि दिसतो तेव्हा आपण जवळजवळ खंदकावर पोहोचलेले असतो. १६०५ च्या सुमारास हे ठाणे अंबरने घेतले आणि त्याचे नाव ठेवले अंबरापूर. लोकांच्या जिभेवर घोळून त्याचे पुढे अमरापूर झाले. मला या बदलाची मोठी गंमत वाटते. अरबी सुगंधाचे बोट सोडून गाव थेट देवांच्या नगरीत जाऊन बसले. लोकांनी जाणूनबुजून काही केले नाही. ओळखीचा शब्द जिभेला सोपा जातो इतकेच. शेवटी अंबरापूर गेले, अमरापूरही गेले आणि औसा राहिले. जुने नाव लोकांच्या जिभेवर घट्ट असेल तर वजिराचेही काही चालत नाही.

मी औशाच्या तटावर अनेकदा फिरलो आहे. शाळेच्या सहलीतली मुले घेऊनही गेलो आहे. मुले नेहमी दोन प्रश्न विचारतात. तोफ किती लांब फेकायची, हा पहिला. हा किल्ला कोणत्या राजाचा, हा दुसरा. त्यांना मी सांगत असे की बहमनी, बरीदशाही, आदिलशाही, निजामशाही, मोगल, निजाम असे अनेक धनी होऊन गेले; त्यांच्यात एक असा होता जो एके काळी स्वतःच विकला गेला होता. मग मुले गप्प होत. तोफेपेक्षा ही गोष्ट त्यांना जास्त लांब जाई.

१६०७ मध्ये राजू दख्खनी या प्रतिस्पर्ध्याचा अंबरने पाडाव केला. राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि १६१० मध्ये दौलताबादला आली. त्याच साली दौलताबादजवळच्या खडकी या खेड्यात त्याने शहर वसवायला घेतले. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले, ती नहर-ए-अंबरी. वर तोंडे ठेवलेली, आतून खापरी आणि दगडी मार्गाने वाहणारी ही नहर ज्या शहराला पाणी पाजत होती, त्याचे नाव मात्र सतत बदलत गेले. अंबरच्या मुलाने, फतेह खानाने, त्याचे फतेहनगर केले, औरंगजेबाने १६५३ मध्ये औरंगाबाद केले, आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. नहरीचे नाव मात्र अंबरीच राहिले.

याच १६१० सालची एक काळी बाजूही आहे. तरुण मुर्तजाच्या महालात त्याची इराणी वंशाची दुसरी बेगम होती. अंबरच्या मुलीशी तिचे भांडण झाले आणि तिने हिला गुलामाची पोर म्हणून हिणवले, शिवाय अंबरविषयीही अपशब्द काढले. ही गोष्ट अंबरपर्यंत पोहोचली. त्याने बेगम आणि सुलतान दोघांनाही विष देवविले आणि मुर्तजाच्या लहानग्या मुलाला तख्तावर बसवले, असे त्याच्या हयातीतच लिहिलेल्या एका डच वृत्तांतात आले आहे. थोर माणसाच्या चरित्रात हा भाग झाकून ठेवण्याचा मोह होतो. मला तो झाकावासा वाटत नाही. सारे राज्य मुठीत असलेल्या साठीच्या वजिराला एका शब्दाने एवढे का लागावे? कारण तो शब्द खरा होता, आणि तो त्याला नव्हे तर त्याच्या मुलीला लावला गेला होता. स्वतःच्या नावावरचा डाग त्याने पराक्रमाने धुतला होता. पुढच्या पिढीच्या कपाळी तो पुन्हा दिसला तेव्हा त्याचा तोल गेला. यामुळे खुनाचे समर्थन होत नाही. बाजाराने दिलेले नाव माणूस किती वर्षे वागवतो, ते मात्र कळते.

जहांगीरने अंबरला ठेवलेली नावे त्याच्या आत्मचरित्रात जागोजागी सापडतात. त्याच्या रंगावरून, त्याच्या नशिबावरून बादशहा त्याला हिणवतो. १६१६ मध्ये जालन्याजवळच्या रोषणगाव परिसरात मोगलांनी अंबरचा पराभव करून खडकी जाळली. या फौजेचा सेनापती तोच नांदेडचा मिर्झा इरज, आता शाहनवाज खान झालेला. अबुल हसन या दरबारी चित्रकाराने त्याच सुमारास एक चित्र काढले. त्यात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्याला लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. आज ते चित्र आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडके बादशहाला कधीच मिळाले नाही. जे रणात जमले नाही ते कुंचल्याकडून करवून घ्यावे लागले, याहून मोठी कबुली कोणती? खडकी जळाली, अंबरने ती पुन्हा उभी केली.

त्याच्या कारकिर्दीचे सर्वांत टिकाऊ काम मात्र तलवारीचे नव्हते. शेतसारा वसूल करण्याचा मक्ता लिलावाने देण्याची पद्धत त्याने मोडली. जमिनीची प्रतवारी केली, जिरायत आणि बागायत वेगळी धरली, पिकाचा अंदाज घेऊन सारा बांधला. आरंभी उत्पन्नाचा दोन पंचमांश भाग धान्यरूपाने घेत, पुढे सुमारे एक तृतीयांश रोकडीने. गावाच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या हाती वसुली राहिली, म्हणजे गाव आपल्या साऱ्याला आपणच जबाबदार झाले. काळ्या मातीत राबणाऱ्या कुणब्याला पुढच्या साली किती द्यायचे हे आधी कळणे, यासारखा दिलासा नाही. म्हणूनच शिवकाळातल्या कागदांतही मलिकंबरी धाऱ्याचा उल्लेख येत राहिला. मेलेल्या वजिराचे नाव सहसा मशिदीवर किंवा मकबऱ्यावर राहते. याचे नाव शेतकऱ्याच्या हिशेबात राहिले.

शेवटचा मोठा डाव १६२४ चा. मोगल आणि आदिलशाही एकत्र येऊन त्याच्यावर उठले तेव्हा तो सुमारे शहात्तर वर्षांचा होता. बायकामुलांना दौलताबादला ठेवून तो खडकीतून निघाला आणि पूर्वेकडे, आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या कंधारकडे आला. मन्याड नदीकाठचा, राष्ट्रकूटांच्या काळापासून नावाजलेला हा रुंद खंदकाचा किल्ला कुतुबशाहीच्या सरहद्दीवर होता. तिकडची थकलेली खंडणी वसूल करून, बिदरवर झडप घालून तो परत फिरला आणि अहमदनगरजवळ भातवडीला शत्रूसमोर आला. तिथल्या तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला, रात्रीच्या छाप्यांनी त्यांना जेरीस आणले आणि दोन बलाढ्य सत्तांच्या एकत्रित फौजेचा धुव्वा उडवला. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी इथेच कामी आले. कवींद्र परमानंदांनी शिवभारतात या लढाईचे वर्णन केले आहे. संस्कृत काव्यात अंबर हे नाव परके वाटतच नाही. वाचणाऱ्याला आधी आकाश दिसते आणि मग माणूस.

१६२६ च्या मे महिन्यात, ऐंशीच्या घरात पोहोचलेला अंबर मरण पावला. खुलताबादला, सुफी संतांच्या दर्ग्यांच्या शेजारी त्याचा मकबरा आहे. ज्या मोगल दरबाराने त्याला आयुष्यभर नावे ठेवली, त्याच दरबाराच्या बखरकाराने त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तोंडभरून वाखाणणी केली. पाठीमागे दहा वर्षांत सारे कोसळले. १६३१ मध्ये कंधार गेले, १६३३ मध्ये फतेह खानाने दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले, १६३६ मध्ये औसा आणि उदगीरही पडले. उदगीरचा किल्ला मोगलांना देणाऱ्या हबशी किल्लेदाराचे नाव होते सिद्दी मिफ्ताह. मिफ्ताह म्हणजे किल्ली. नावे ठेवणाऱ्यांना पुढचे काय दिसत असते, कोण जाणे!

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एवढा मोठा माणूस होऊन गेला, तरी त्याचे नाव मुलग्यांसाठी लोकप्रिय का झाले नाही? नांदेडच्या आणि लातूरच्या मोहल्ल्यांत अहमद, इम्रान, सलीम हाका मारताच दहा जण वळून पाहतील. अंबर नावाचा मुलगा मात्र क्वचित. मला वाटते, याचे कारण त्या नावाच्या जन्मात आहे. ज्या समाजात ते गुलामाचे नाव म्हणून रूढ होते, तिथे स्वतंत्र बापाने ते आपल्या मुलाला देण्याचे टाळले. गुलामीचा बाजार उठला, त्या नावाची लाज विसरली गेली, तोवर त्याचा सुगंध तेवढा उरला होता आणि तो मुलींच्या वाट्याला गेला. हिंदू घरांत ते नाव आले ते आकाश बनून. एकाच नावाचा मुलगा एका आळीत आणि मुलगी दुसऱ्या आळीत, आणि दोघांनाही एकमेकांच्या नावाचा अर्थ ठाऊक नाही.

नावाच्या पुस्तकात अर्थ शोधणाऱ्या आईबापांना मी म्हणूनच आता दोन्ही अर्थ सांगतो आणि तिसरी गोष्ट मलिक अंबरची सांगतो. काही जण हिरमुसतात. गुलामाचे नाव बाळाला कशाला, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. तसे वाटणे चूक म्हणता येणार नाही. पण अर्थ काही शब्दकोशात कायमचा मुक्कामाला नसतो. बगदादच्या सौदागराने ते नाव ठेवले तेव्हा त्याचा अर्थ विकाऊ वस्तू एवढाच होता. पन्नास वर्षांनी त्याच नावाच्या दहशतीने आग्र्याचा बादशहा अस्वस्थ होत होता, आणि त्याच नावाच्या धाऱ्यावर कुणबी निर्धास्त नांगर धरीत होता. अर्थ बदलला तो त्या माणसाने, शब्दाला हात न लावता.

एक गोष्ट मात्र त्यालाही परत मिळवता आली नाही. किल्ले मिळाले, किताब मिळाला, शहर वसले, नहर वाहिली. चापू म्हणून हाक मारणारे मात्र या मुलखात कोणी नव्हते. गेल्या महिन्यात लातूरच्या एका घरात मुलाचे नाव अंबर ठेवले गेले. पाळण्याभोवती आजी, मावशी, काकू उभ्या होत्या आणि आत्याने वाकून बाळाच्या कानात ते नाव सांगितले. या शब्दाच्या इतिहासात बाजाराचा भाग मोठा आहे. आपल्या माणसाने, कानाजवळ, हलक्या आवाजात ते सांगावे, हे त्या शब्दाच्या नशिबी उशिरा आले, पण आले.